मिरचीतला दम

भोगीच्या दिवशी आण्णांनी ताट सरकवलं आणि माझं डोकं फिरलं. भोगीचं ताट म्हणजे आमच्याकडं वर्षातलं मोठं ताट. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांगं, पावटा, गाजर, ओला हरभरा सगळं एकत्र घातलेली भाजी आणि कडेला ठेचा. बायको पहाटेपासून ओट्यापुढं उभी होती. आण्णांनी एक घास घेतला, बराच वेळ चघळला आणि दोन बोटांनी ताट पुढं ढकललं.

"मिरचीत दम न्हाय राहिला," एवढंच म्हणाले.

आण्णा म्हणजे माझे वडील. घरात सगळेच त्यांना आण्णा म्हणतात, मी, बायको, मुलगी, आणि गल्लीत ज्यांची त्यांच्याशी धड ओळखही नाही अशी माणसंसुद्धा. दिवाळीत त्यांना ताप आला होता. ताप आठ दिवसांत उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. भाकरी माती लागते, दूध पाणी लागतं, गूळ नुसता चिकट लागतो म्हणायचे. दिवाळीपासून भोगीपर्यंत सदरा अंगावर इतका ढिला झाला की बायकोनं न विचारताच दोन्ही बाजूंनी शिवण आत घेतली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, चव येईल, कधी येईल ते सांगता येत नाही, कदाचित येणारही नाही; पण तोवर खाणं सुटू देऊ नका, या वयात खाणं सुटलं की माणूस अंथरूण धरतो आणि मग उठत नाही. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. रोज जेवायच्या वेळी मात्र तेच माझ्या कानात वाजायचं.

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाबा, माझ्या जिभेचं काहीतरी बिनसलंय. आण्णा तसले नव्हेत. त्यांच्या मते जीभ ठणठणीत होती, बिघडली होती ती मिरची. "खतं घालून घालून फिकी केली समदी. नुसता रंग हाय. आमच्या टायमाला एक मिरची दोन भाकरी खपवायची." मी लवंगी आणली. फिकी. कुणीतरी सांगितलं म्हणून गुंटूरची आणली, बायकोला ती निवडताना शिंका आवरेनात. आण्णांना तीही फिकी.

त्यांचा अधिकार होता म्हणा बोलायचा. उभं आयुष्य सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं गेलेलं. वर्षातले आठ महिने मुक्काम उघड्यावर, आणि बिऱ्हाडात भांडी म्हणजे एक लोखंडी तवा, एक पितळी तांब्या आणि दोन-चार जर्मनची पातेली. मिरच्या तव्यावर भाजायच्या, मीठ-लसूण टाकायचा आणि तिथंच तांब्याच्या बुडानं रगडायच्या. तेच कोरड्यास, तीच भाजी. त्यात एक रीत होती. ठेचा ज्यानं रगडला त्यानं पहिला घास सगळ्यांसमोर खायचा. मिरची कशी निघालीय ते त्याच्या तोंडावर दिसायचं, मग बाकीचे त्या अंदाजानं वाढून घ्यायचे. मी दहावीनंतर सोलापुरात आलो, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमवर लागलो, पुढं जॉबर झालो, म्हणजे लूम बंद पडला की तो दुरुस्त करणारा. मेंढरं विकून आण्णा माझ्याकडं राहायला आले तेव्हा तवा, तांब्या आणि ती रीत तिन्ही बरोबर घेऊन आले.

तर भोगीच्या दिवशी ताट सरकवलं. बायकोचं तोंड उतरलेलं मला दिसलं आणि मी बोलून गेलो, "मिरचीत दम न्हाय का तुमच्यात न्हाय, आण्णा?"

बोललो आणि जीभ चावली. आण्णांनी हात धुतला, भिंतीला धरून उठले आणि आपल्या खाटेवर जाऊन बसले. त्या दिवशी पुन्हा काही खाल्लं नाही. बायको मला म्हणाली, "तुमाला येवढं वंगाळ बोलायला सुचतं कुटनं?" राग आला की माझं तोंड माझं राहत नाही, एवढं खरं.

पण मनात एक धरलं. मिरचीचाच दोष आहे ना, मग दम असलेली मिरची यांच्या ताटात घालूनच दाखवतो.

आमच्या युनिटमधून टॉवेलचा माल पार गुवाहाटीपर्यंत जातो. तो नेणारा एक ड्रायव्हर मोठा बोलघेवडा. त्यानं मागं एकदा सांगितलं होतं की तिकडं एक मिरची असते, भूत जोलोकिया, तिचा एक तुकडा पातेल्यात फिरवून बाहेर काढून घेतात. मी त्याला म्हणालो, पुढच्या खेपेला घेऊन ये. त्यानं तीन पिशव्यांत गुंडाळून दोन वाळक्या मिरच्या आणल्या आणि माझ्या हातावर ठेवताना म्हणाला, "भाऊ, लेकरांच्या हाताला लागू देऊ नका." तो एरवी गंमत करणारा माणूस, पण हे बोलताना हसला नाही.

दोन मिरच्यांत अकरा बिया निघाल्या. उरलेल्या टरफलानं मला जो ठसका लागला त्यात मी बाकीचं सगळं गटारीत टाकून दिलं. बिया चहाच्या कागदी कपांत लावल्या आणि रात्रीचा गारवा लागू नये म्हणून कप इन्व्हर्टरवर ठेवले, कारण तो कायम कोमट असतो. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. मातीशिवाय काही दिसेना. बायको रोज केर काढताना कपात डोकावायची. "आवो, भूत हाय न्हवं ते? आमुश्या बघून उगवंल." मी दात खात कपांत पाणी शिंपडायचो. चोविसाव्या दिवशी एका कपात पांढरी वाकडी मान दिसली. मी तसाच कामाच्या कपड्यांत खाली बसलो आणि बघत राहिलो. अकरातल्या पाच उगवल्या.

खरी गंमत पुढं झाली. रोपं मोठी झाल्यावर मी त्यांना रंगाच्या रिकाम्या बादल्यांत लावायला काढलं, तर आण्णा काठी टेकत जिना चढून गच्चीवर हजर. ते दोन महिन्यांत पहिल्यांदा आपणहून कुठं गेले होते. बादलीतली माती चिमटीत घेऊन म्हणाले, "ह्यात काय हाय? नुसती चिखलाची माती. लेंडीखत आण." सांगोल्याहून चुलतभावानं पोतं पाठवलं. ते उघडून आण्णांनी मला शिव्या घातल्या, कारण ते ताजं होतं. "ताजी लेंडी घालून मुळं जाळतोस व्हय? मुरू दे आदी." मग पंधरा दिवस ते पोतं ओलं करायचं, उलटंपालटं करायचं, हे सगळं आण्णांच्या देखरेखीखाली. मिरचीत दम नाही म्हणणारा माणूस मिरचीच्या रोपापाशी तासभर बसायचा. पण जेवायला बसवलं की तेच. चार घास, आणि दोन बोटांनी ताट पुढं.

सोलापूरचा उन्हाळा कुणाला सांगायची गरज नाही. एप्रिलात आमच्या गच्चीच्या स्लॅबवर अनवाणी पाय टेकत नाही. त्या मिरचीला मात्र आसामची दमट हवा लागते. मी युनिटमधून सेकंडचे टॉवेल आणले, म्हणजे विणताना खोट राहिलेले, जे बाजारात जात नाहीत. आमच्या घरात अशा टॉवेलांची कमी कधीच नव्हती. ओटा पुसायला टॉवेल, लादी पुसायला टॉवेल, उशीवर टॉवेल, खिडकीला पडदा म्हणून टॉवेल. आता गच्चीवरही आले. चार बांबू उभे करून वर पांढऱ्या टॉवेलांचा मांडव घातला, बादल्यांना बाहेरून टॉवेल गुंडाळले आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ त्यांच्यावर पाणी मारत राहिलो. शेजारची तेलुगू अक्का आपल्या गच्चीवरून म्हणाली, "काय भाऊ, लॉज काढला का?"

फुलं आली ती एप्रिलच्या मध्यावर. पांढरट हिरवी, मान खाली घातलेली. आणि आली तशी गळायला लागली. सकाळी बघावं तर बादलीभोवती सडा. चाळीसच्या वर पारा गेला की ही मिरची फूल धरत नाही हे मला मुलीनं मोबाईलवर वाचून दाखवलं. मी चिडून एक बादली लाथेनं उडवणार होतो. आण्णा शेजारी बसले होते. म्हणाले, "फूल गळलं म्हून झाडावर कशाला चिडतोस? झाड जगायचं बघतंय. दुष्काळात मेंढी तरी कुटं गाभ धरती? पैलं सोता जगती, मग बाकीचं."

मी त्यांच्याकडं बघितलं. मनगटं एवढीशी झालेली. हा माणूस झाडाबद्दल बोलतोय का स्वतःबद्दल? मी लाथेसाठी उचललेला पाय खाली घेतला आणि टॉवेलांवर पाणी मारायला लागलो.

मे महिन्यात त्यांचं गच्चीवर येणं थांबलं. पायात ताकद राहिली नाही. खाटेवरूनच विचारायचे, "पानं सुकली का? पाणी कवा मारलंस?" आहार म्हणजे सकाळी वाटीभर पेज, संध्याकाळी वाटीभर पेज, तीही बायकोनं शेजारी बसून पाजली तर. डॉक्टरांनी वजन बघून भुवया वर केल्या आणि पुढच्या वेळी सलाईनचं बघू म्हणाले. त्या उन्हाळ्यात मी युनिटमध्ये तीन माणसांशी भांडलो. एकाचंही काही चुकलं नव्हतं.

मृगानंतर उष्मा उतरला आणि फुलं टिकायला लागली. रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी प्रत्येक फुलाला बोटानं टिचकी मारायचो, पराग पडावा म्हणून. गौरी-गणपतीच्या सुमाराला पाच झाडांवर मिळून सात मिरच्या लाल झाल्या. सुरकुतलेल्या, अंगावर पुटकुळ्या असल्यासारख्या, टोकाला बारीक शेपूट. दिसायला काही देखण्या नव्हत्या. मला मात्र सोन्याच्या वाटल्या.

आता माझी मुलगी डी. फार्मसी करते. तिनं गच्चीच्या दाराला नियमांचा कागद चिकटवला. हातमोजे घातल्याशिवाय मिरचीला हात लावायचा नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. माझा ग्राइंडरवर वापरायचा चष्मा तिनं धुऊन ठेवला. घरात भाजायची नाही, उघड्यावर भाजायची, वारा पाठीमागून येईल असं उभं राहायचं, आणि अक्काला आधी सांगायचं म्हणजे ती वाळत घातलेले कपडे काढून घेईल. हाताला लागलंच तर पाण्याखाली धरायचा नाही, पाण्यानं ते पसरतं. आधी तेल चोळायचं, मग भांड्याचा साबण. तोंडाला लागलं तर दूध नाहीतर दही. आणि शेवटी मोठ्या अक्षरांत, एका वेळी पाव मिरची, त्याहून जास्त नाही. कागद चांगला होता. मी त्यावर सहीसुद्धा केली.

रविवारी दुपारी आण्णांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मी आणि बायकोनं उचलून गच्चीवर नेलं. वजन इतकं कमी लागलं की जिन्यात एकदाही खुर्ची टेकवावी लागली नाही. छोटी शेगडी पेटवली, त्यांचाच तवा ठेवला. वीस साध्या मिरच्या, लसूण, मीठ. मुलीनं पाव मिरची कापून दिली. मी तिची पाठ वळलेली बघितली आणि उरलेली पाऊण मिरचीही तव्यात टाकली. मला दम दाखवायचा होता ना. आठ महिने राबून पाव दम कुणाला दाखवायचा?

तांब्याच्या बुडानं रगडलं. आण्णा टक लावून बघत होते. मी हातमोजे काढले, भाकरीचा तुकडा मोडला आणि रीतीप्रमाणं पहिला घास घेतला.

पहिल्या क्षणी काही झालं नाही, म्हणून मी छाती काढून आण्णांकडं बघितलं. मग जिभेच्या शेंड्यावर कुणीतरी उदबत्ती टेकवली. मग दोन्ही कानांत शिट्टी वाजायला लागली. नाक वाहतंय, डोळे वाहतायत, उचकी लागलीय, आणि मी एक पन्नाशीला आलेला जॉबर गच्चीवर गोल गोल फिरतोय. मुलगी दह्याचं भांडं घेऊन माझ्यामागं. तिला तवा बघून कळलं. "पप्पा, सगळी टाकली? सगळी?" मला हो म्हणायलाही तोंड नव्हतं. बायकोनं तवा उचलला आणि ठेचा सगळाच्या सगळा बादलीतल्या मातीत पुरायला घेतला.

आण्णा खुर्चीत ताठ बसले होते. "मला दे," म्हणाले.

"न्हाय द्यायची," बायको म्हणाली. "त्येंची अवस्था बघा की."

"नाटकं करतोय त्यो."

"आण्णा, तुमाला सोसायचं न्हाय."

एवढं ऐकलं आणि त्यांचा चेहरा दगड झाला. "मला खाली न्या," म्हणाले. खाली नेलं. भिंतीकडं तोंड करून झोपले. बायकोनं पेजेची वाटी नेली तर हातानं बाजूला केली. सोमवारी दोन घोट पाणी आणि एक घोट चहा. मी कामावर गेलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या मिरच्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. आठ महिन्यांची मेहनत करून मी त्यांना पुन्हा एकदा हेच सांगितलं होतं, की दम तुमच्यात नाही.

आता मधली एक गोष्ट सांगायची राहिली. त्या रविवारच्या गोंधळात तव्याचं, तांब्याचं आणि कापायच्या फळीचं काय झालं? मी पुसलं. टॉवेलनं. आमच्या घरात काहीही सांडलं की हात आपोआप टॉवेलकडंच जातो. मुलीच्या कागदावर हातमोजे होते, चष्मा होता, वारा होता, शेजारीणसुद्धा होती. टॉवेल नव्हता. त्याच टॉवेलनं मी नाक पुसलं असतं तर तिथंच कळलं असतं, पण नाक मी सदऱ्याला पुसलं. टॉवेल गेला धुण्याच्या बादलीत, आणि बायकोनं त्यावर घरातले सगळे टॉवेल टाकून एकत्र भिजत ठेवले. सोमवारी ते उन्हात वाळले, घड्या होऊन कपाटात गेले.

मंगळवारी सकाळी मी आंघोळ करून तोंड पुसलं. गाल चुरचुरले. म्हटलं, नवा साबण असेल. तोवर स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज, "आगं आई गं, डोळं गेलं माझं." मुलगी ब्रश तोंडात घेऊन बाहेर आली, माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, माझ्या खांद्यावरच्या टॉवेलकडं बघितलं, आणि तिचा ब्रश खाली पडला.

"टॉवेल," ती म्हणाली. "पप्पा, टॉवेल. आण्णा कुठायत?"

आण्णा खाटेवर बसले होते. चूळ भरून झाली होती आणि ते टॉवेलनं तोंड पुसत होते. त्यांची पुसायची पद्धत अशी की आधी कपाळ, मग गाल, आणि शेवटी ओठ दाबून दोनदा. आम्ही तिघं दारात पोचलो तेव्हा दुसऱ्यांदा दाबणं चाललं होतं. मुलगी तेलाची बाटली घेऊन धावली. आण्णांनी हात वर करून तिला थांबवलं.

ते अगदी स्थिर बसले. डोळ्यांत पाणी जमलं आणि सुरकुत्यांतून खाली आलं. मग त्यांनी ओठ मुडपले, जिभेनं खालचा ओठ चाटला, वरचा चाटला, आणि तोंडातून वारा आत ओढला, सूऽऽ करून. तो आवाज मी दिवाळीपासून ऐकला नव्हता.

"लागतंय," ते म्हणाले.

"काय लागतंय, आण्णा?"

"तिखट."

आण्णांनी परत ओठ चाटले आणि बायकोवर खेकसले, "हुबी काय ऱ्हायलीस? भाकरी आण. जायच्या आदी आण."

बायको एका डोळ्यावर हात धरून पळाली. कालची शिळी भाकरी होती, तीच आणली, वर दह्याची वाटी. आण्णांनी वाटी बाजूला केली. "दही नगं. इजवू नका." शिळी भाकरी मोडून, ओठांना लावून लावून, सूऽऽ सूऽऽ करत त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली हो. मध्ये थांबून एकदा टॉवेल परत तोंडावर फिरवला, तेव्हा मुलीनं तो हिसकावून घेतला. आम्ही सगळे रडत होतो, आणि सगळ्यांकडं मिरचीचं निमित्त होतं. मी मात्र सांगतो, माझं रडणं मिरचीचं नव्हतं.

तिथून पुढं सूत्रं मुलीनं हातात घेतली. डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी पोट सांभाळून अगदी थोडं चालेल म्हणून सांगितलं. मग तिनं वाटीभर तेलात मिरचीचा नखाएवढा तुकडा घालून ठेवला, आणि त्या तेलात काडी बुडवून ती काडी आण्णांच्या आमटीत फिरवायची. एकदाच. मला त्या तेलाला हात लावायची बंदी होती. कागदावर नवा नियम आला, सगळ्यांत वर, आणि मीही युनिटमध्ये शेठला सांगून दोन टॉवेलांना लाल काठ घालून घेतला. लाल काठाचा टॉवेल फक्त मिरचीचा. तो वेगळा धुवायचा, वेगळा वाळवायचा, त्यानं कुणी तोंड पुसायचं नाही.

अर्ध्या भाकरीची एक झाली. दसऱ्याला आण्णा म्हणाले, आज कोथिंबिरीचा वास आला. दिवाळीत गूळ गोड लागला. डॉक्टरांनी वजन करून विचारलं, काय दिलंत? मी सांगितलं तर ते हसायला लागले, आणि मग हसायचे थांबून म्हणाले, "लिहून ठेवतो." बायकोनं सदऱ्याची शिवण उसवली.

आणि यंदाची भोगी. आण्णा काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी गच्चीवर आले. म्हणाले, ठेचा आज मी रगडणार. मुलीनं त्यांना निळे हातमोजे घातले, माझा ग्राइंडरचा चष्मा लावला, वारा बघून खुर्ची फिरवली. अक्का कपडे काढून घेऊन कठड्याला टेकून बघत उभी राहिली. तव्यात मिरचीचा किती तुकडा पडतोय ते मुलीनं स्वतः बघितलं. आण्णांनी तांब्या दोन्ही हातांनी धरून रगडलं, कुणाला मदत करू दिली नाही. मग हातमोजे उतरवले, हात लाल काठाच्या टॉवेलला पुसले, तीळ लावलेल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि रीतीप्रमाणं पहिला घास सगळ्यांसमोर तोंडात घातला.

आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. कपाळावर घाम आला. डोळे भरून वाहायला लागले. सूऽऽ झालं. मग त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मी माझं ताट विसरून बसलो होतो. भाकरी संपली, भाजी संपली, आणि आण्णांनी दोन बोटांनी ताट पुढं ढकललं.

नेमकं तसंच, वर्षापूर्वीसारखं, दोन बोटांनी.

"आजून एक वाढ," आण्णा बायकोला म्हणाले. मग चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडं वळले. "म्हणलं व्हतं न्हवं तुला? दोष मिरचीतच व्हता."

"व्हय आण्णा," मी म्हणालो. "मिरचीतच व्हता."

बायकोनं त्यांच्या ताटात दुसरी भाकरी वाढली.